जुन्या आलिशान गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक बिघाड : निदान आणि दुरुस्ती

१. प्रस्तावना

वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची एखादी महागडी गाडी गॅरेजमध्ये उभी आहे. इंजिनाचे कॉम्प्रेशन उत्तम आहे, गिअरबॉक्स मऊ चालतो, पत्र्याला गंज नाही. पण मीटर मधूनच बंद पडते, एबीएसचा दिवा विझत नाही किंवा गाडी एखाद्या दिवशी सुरूच होत नाही. स्कॅनर लावला की एखाद्या मॉड्यूलचे नाव येते. "मॉड्यूल गेले, नवीन टाकावे लागेल," असे मालकाला सांगितले जाते. नवे मॉड्यूल कंपनीने बनवणे थांबवलेले असते आणि मिळालेच तर त्याची किंमत गाडीच्या बाजारभावाच्या जवळ जाते. मग चांगली गाडी भंगारात निघते.

अशा बऱ्याच गाड्यांमध्ये प्रत्यक्ष बिघाड काही रुपयांच्या कपॅसिटरमध्ये, तडकलेल्या सोल्डरमध्ये किंवा अर्थच्या गंजलेल्या बोल्टमध्ये असतो. तो शोधायला मात्र वेळ, शिस्त आणि सर्किटची समज लागते. मॉड्यूलमधले नेमके काय म्हातारे होते, त्याची लक्षणे कशी ओळखायची, तपासणी कोणत्या क्रमाने करायची आणि कोणती दुरुस्ती आपण हाती घेऊ नये, हे या पाठात पाहू. ओहमचा नियम, कपॅसिटर आणि मल्टिमीटरचा वापर यांची ओळख तुम्हाला आहे असे येथे गृहीत धरले आहे.

२. मॉड्यूलमध्ये म्हातारे काय होते?

कोणतेही नियंत्रण मॉड्यूल उघडले की साधारण पाच गोष्टी दिसतात : १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट तयार करणारा वीजपुरवठा, मायक्रोकंट्रोलर, माहिती साठवणारी ईईप्रॉम, बाहेरची कॉइल किंवा मोटर चालवणारे ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि बाहेरच्या वायरिंगला जोडणारा कपलर.

विद्यार्थी सहसा मायक्रोकंट्रोलरवर संशय घेतात, कारण तो सर्वांत गुंतागुंतीचा असतो. प्रत्यक्षात योग्य व्होल्टेज मिळत राहिले तर सिलिकॉनची चिप दशकानुदशके टिकते. वयाचा परिणाम आधी होतो तो ज्या भागांत द्रव आहे, रबर आहे, दोन वेगळ्या पदार्थांचा सांधा आहे किंवा प्लास्टिकचे आवरण आहे त्यांच्यावर. म्हणून बिघाड शोधताना कपॅसिटर, सांधे आणि वायरिंग या तीन गोष्टी आधी तपासाव्यात. एकेक करून पाहू.

३. कपॅसिटर : लेक्सस एलएस ४०० चे उदाहरण

लेक्सस एलएस ४०० ही गाडी १९८९ मध्ये अमेरिकेत विक्रीला आली. जपानमध्ये तीच टोयोटा सेल्सिअर या नावाने विकली गेली. तिचे ४ लिटरचे व्ही-८ इंजिन टिकाऊपणासाठी प्रसिद्ध आहे. मात्र पहिल्या पिढीच्या या गाड्यांच्या इंजिन मॉड्यूलमधले आणि मीटरमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात, हे ती दुरुस्त करणाऱ्यांना चांगले परिचित आहे. इंजिन ठणठणीत असूनही गाडी अडखळते आणि दोष इंजिनाला दिला जातो.

हे का होते? इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट असते आणि तळाला रबरी बूच असते. उष्णतेने द्रव हळूहळू उडून जाते. याचा ढोबळ नियम असा : तापमान दर १० अंश सेल्सिअसने कमी झाले की आयुष्य दुप्पट होते आणि वाढले की निम्मे.

समजा, कपॅसिटरवर "८५ अंश, २००० तास" अशी क्षमता नोंदलेली आहे आणि तो ६५ अंशांवर काम करतो. फरक २० अंशांचा, म्हणजे आयुष्य २००० × २ × २ = ८००० तास. गाडी वर्षाला ५०० तास चालत असेल तर ८००० ÷ ५०० = १६ वर्षे. त्याच जागी १०५ अंशांचा कपॅसिटर असता तर २००० × १६ = ३२,००० तास, म्हणजे कागदावर ६४ वर्षे. मात्र रबरी बुचाचे वय वेगळे चालते, म्हणून उत्पादक असा हिशेब साधारण १५ वर्षांपुढे ग्राह्य धरत नाहीत. शिवाय आपल्याकडे उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे सहज जातो. गाडी चालत नसली तरी तिचे कपॅसिटर म्हातारे होतच असतात.

द्रव कमी झाले की कपॅसिटरचा अंतर्गत मालिका रोध, म्हणजे ईएसआर, वाढतो. समजा, पुरवठ्यातील कपॅसिटरमधून ०.३ अँपिअरचा बदलता प्रवाह जातो. ईएसआर ०.२ ओहम असताना व्होल्टेजमधली लहर ०.३ × ०.२ = ०.०६ व्होल्ट असते. ईएसआर ५ ओहम झाला की तीच लहर १.५ व्होल्ट होते. बहुतेक ५ व्होल्टचे मायक्रोकंट्रोलर पुरवठा ४.५ व्होल्टच्या आसपास घसरला की रीसेट होतात. म्हणजे चिप चांगली असूनही मॉड्यूल मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. साधा मल्टिमीटर फक्त कपॅसिटन्स दाखवतो आणि तो अनेकदा ठीक दिसतो. ईएसआर मोजायला वेगळे मीटर लागते. दुसरे, थंडीत ईएसआर आणखी वाढतो. त्यामुळे सकाळी त्रास देणारे आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप सुधारणारे मॉड्यूल दिसले तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा.

गळालेले द्रव दुसरे नुकसानही करते. ते बोर्डावर पसरते, तांब्याचे ट्रॅक खाते आणि शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये गळतीचा प्रवाह सुरू करते. सोल्डरिंग गन लावताच माशासारखा वास आला तर ते गळालेल्या इलेक्ट्रोलाइटचे लक्षण असते. अशा वेळी नुसता कपॅसिटर बदलून भागत नाही. बोर्ड धुवावा लागतो आणि तुटलेले ट्रॅक बारीक तारेने जोडावे लागतात.

४. सांधे : बीएमडब्ल्यूची दोन उदाहरणे

तापल्यावर प्रत्येक पदार्थ वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. तांबे दर अंशाला सुमारे १७ भाग प्रति दशलक्ष इतके वाढते, तर सिरॅमिक सुमारे ७. गाडी रोज तापते आणि थंड होते. वीस वर्षांत असे हजारो फेरे होतात आणि दोन पदार्थांच्या सांध्यावर दर वेळी थोडा ताण येतो. जड कपलर, रिले आणि मोठे ट्रान्झिस्टर यांच्या पिनांभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर पडते. भिंगातून पाहिल्यावर ती पिनेभोवतीच्या काळ्या कड्यासारखी दिसते. असे मॉड्यूल खड्ड्यात आदळल्यावर किंवा तापल्यावर बंद पडते आणि टकटक केल्यावर सुरू होते.

पहिले उदाहरण मीटरचे. १९९० च्या दशकातील बीएमडब्ल्यूच्या ५ आणि ७ मालिकेत (ई३९ आणि ई३८) मीटरवरील अक्षरांचे ठिपके ओळीने गायब होतात. एलसीडी आणि बोर्ड यांना जोडणारी पातळ पट्टी तेथे वाहक चिकटद्रव्याने बसवलेली असते आणि उष्णतेने तिचा संपर्क सुटतो. एलसीडी स्वतः बहुधा चांगली असते. योग्य तापमान आणि दाब देऊन पट्टी पुन्हा बसवली किंवा नवी पट्टी लावली की मीटर पूर्ववत होते. नेहमीच्या सोल्डरिंग गनने हे काम करू नये. पट्टी जळते आणि मग एलसीडीही हातची जाते.

दुसरे उदाहरण त्याच काळातील बॉशच्या एबीएस मॉड्यूलचे. त्यात कपलरच्या पिना आणि आतला सिरॅमिक बोर्ड यांच्यामध्ये ॲल्युमिनियमच्या बारीक तारा असतात. त्यांचा सांधा थकून सुटतो. ॲल्युमिनियमवर नेहमीचे सोल्डर धरत नाही, कारण त्यावर ऑक्साइडचा थर क्षणात तयार होतो. हा सांधा अल्ट्रासॉनिक यंत्रानेच करावा लागतो. म्हणून हे मॉड्यूल अशी यंत्रे असलेल्या तज्ज्ञ दुरुस्ती केंद्राकडेच द्यावे. तेथे आपले काम निदान अचूक करण्याचे असते.

५. वायरिंग आणि पाणी

साधारण १९९२ ते १९९५ या काळातील अनेक मर्सिडीज-बेंझ गाड्यांच्या इंजिन वायरिंगला असे आवरण वापरले होते, की जे इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन भुगा होते. आतली उघडी तांब्याची तार शेजारच्या तारेला लागते. लक्षणे मात्र सेन्सर, थ्रॉटल किंवा इंजिन मॉड्यूल खराब झाल्यासारखी दिसतात. भारतात मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात जुळणी सुरू केली ती ई-क्लासच्या याच डब्ल्यू १२४ पिढीची. म्हणून त्या काळातली गाडी समोर आली तर इंजेक्टरच्या कपलरजवळचे रबर थोडे मागे सरकवून तारेचे आवरण पाहण्याची सवय ठेवावी. या तपासणीला दोन मिनिटे लागतात.

येथे दुरुस्तीचा क्रम फार महत्त्वाचा आहे. उघड्या तारांमुळे इंजिन मॉड्यूल जळले असेल आणि आपण वायरिंग न बदलता दुसरे मॉड्यूल बसवले, तर तेही जळेल. आधी वायरिंग, मग मॉड्यूल. तारांवर चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे, कारण आवरण पूर्ण लांबीभर ठिसूळ झालेले असते. संपूर्ण इंजिन वायरिंग बदलावे किंवा उष्णता सहन करणारी तार वापरून मूळ जाडीप्रमाणे नव्याने बांधावे.

पाण्याचा बिघाड आपल्याकडे पावसाळ्यात हमखास येतो. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून पाणी बाहेर नेणाऱ्या नळ्या आणि काचेखालची निचऱ्याची भोके पालापाचोळ्याने बुजतात. पाणी आत येऊन गालिच्याखाली साचते, आणि अनेक आलिशान गाड्यांत मॉड्यूल नेमके तेथेच असतात. १९९७ मध्ये आलेल्या पिढीच्या ऑडी ए६ मध्ये स्वयंचलित गिअरबॉक्सचे मॉड्यूल पुढच्या गालिच्याखाली आहे. गालिचा वरून कोरडा लागला तरी खालचा फोम भिजलेला असू शकतो. तेव्हा हात खालपर्यंत घालून पाहा. मॉड्यूल दुरुस्त करून त्याच ओल्या जागी बसवले तर पुढच्या पावसात गाडी परत येईल.

६. निदानाचा क्रम

मॉड्यूल उघडण्याआधी पुढील पायऱ्या याच क्रमाने कराव्यात.

*पायरी १ : बॅटरी आणि चार्जिंग.* स्थिर अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या फार खाली गेले तर अनेक मॉड्यूल एकाच वेळी खोटे फॉल्ट कोड नोंदवतात. अशक्त बॅटरीवर पुढची कोणतीही तपासणी भरवशाची नाही.

*पायरी २ : सर्व मॉड्यूल स्कॅन करणे.* कोड आधी लिहून घ्या, मग पुसा, गाडी चालवा आणि कोणते परत येतात ते पाहा. "संपर्क नाही" असा कोड एकाच मॉड्यूलचा असेल तर संशय त्या मॉड्यूलवर किंवा त्याच्या पुरवठ्यावर. तोच कोड चार-पाच मॉड्यूलचा असेल तर कारण सामाईक असते : फ्यूज, रिले, अर्थ किंवा संदेशवाहिनी.

*पायरी ३ : कपलरपाशी पुरवठा आणि अर्थ, भार देऊन.* येथे सर्वाधिक चुका होतात. मल्टिमीटरचा अंतर्गत रोध सुमारे १० मेगाओहम असतो. तारेचे सगळे पदर तुटून एकच उरला असला तरी मीटर १२ व्होल्टच दाखवते, कारण प्रवाह जवळजवळ शून्य असतो. म्हणून मॉड्यूल काढून त्याच्या मुख्य पुरवठ्याच्या आणि अर्थच्या पिनांमध्ये २१ वॅटचा बल्ब लावावा. तो सुमारे १.७५ अँपिअर घेतो. बल्ब पूर्ण उजेडाने पेटला तर पुरवठा ठीक, मंद पेटला तर तार किंवा अर्थ दोषी. बारीक तारांसाठी ५ वॅटचा बल्ब घ्यावा. एअरबॅगच्या सर्किटवर ही चाचणी कधीही करू नये.

अर्थचा हिशेब असा : गंजलेल्या बोल्टचा रोध फक्त ०.१ ओहम आहे आणि त्यातून पंखा व दिव्यांचा मिळून ८ अँपिअर प्रवाह जातो. तेथे ०.८ व्होल्टचा फरक पडतो. त्याच बोल्टवर मॉड्यूलचा अर्थ असेल तर त्याचा शून्य ०.८ व्होल्टने सरकतो आणि सेन्सरचे आकडे चुकतात. ओहममीटरवर ०.१ ओहम नीट कळत नाही. भार चालू ठेवून व्होल्टेजचा फरक मोजला की लगेच कळतो. तो साधारण ०.१ व्होल्टच्या आत असावा.

*पायरी ४ : संदेशवाहिनी.* वेगवान कॅन वाहिनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी काढून दोन तारांमध्ये मोजल्यास समांतर जोडणीमुळे सुमारे ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आले तर तारा एकमेकींना लागल्या आहेत. काही गाड्यांतील मंदगती वाहिनीला हा नियम लागू पडत नाही, म्हणून सर्किटचा नकाशा पाहावा.

*पायरी ५ : मॉड्यूलला जोडलेली उपकरणे.* ड्रायव्हर ट्रान्झिस्टर जळला असेल तर तो ज्या कॉइलला चालवतो ती तपासा. शॉर्ट झालेली कॉइल तशीच ठेवली तर दुरुस्त मॉड्यूल पहिल्याच फेरीत पुन्हा जळते.

बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर गाडी झोपल्यावरचा प्रवाह मोजावा. सगळी मॉड्यूल शांत व्हायला काही गाड्यांत अर्धा तासाहून अधिक वेळ लागतो, तोवर दार उघडू नये. ७० अँपिअर-तासांची बॅटरी ५० मिलिअँपिअरवर सुमारे ५८ दिवस पुरते. एखादे मॉड्यूल जागेच राहून ५०० मिलिअँपिअर घेऊ लागले की सहा दिवसांत रिकामी होते.

७. बोर्डावरचे काम

वरच्या पाचही पायऱ्या झाल्यावरच मॉड्यूल उघडावे. उघडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. शक्य असेल तर काम सुरू करण्यापूर्वी ईईप्रॉममधील माहिती वाचून तिच्या दोन प्रती ठेवा, कारण चासी क्रमांक, इमोबिलायझरची किल्ली आणि गाडीचे कोडिंग तिच्यातच असते.

या माहितीचे मोल एका प्रसंगातून आमच्या लक्षात आले. एका विद्यार्थ्याच्या काकांनी गॅरेजच्या सांगण्यावरून त्याच क्रमांकाचे वापरलेले मॉड्यूल आणून बसवले. गाडी सुरू होईना, कारण नव्या मॉड्यूलला त्या गाडीची किल्ली ओळखता येत नव्हती. मूळ मॉड्यूल आमच्याकडे आणा, त्यातली माहिती वाचता येईल, असे आम्ही सांगितले. तोपर्यंत ते भंगारवाल्याकडे गेले होते. तेव्हा बिघडलेले मॉड्यूल गाडी पूर्ण दुरुस्त होईपर्यंत जपून ठेवावे, आणि त्यानंतरही मालकाला परत द्यावे.

कपॅसिटर बदलताना कपॅसिटन्स मूळचाच ठेवा, व्होल्टेज तेवढे किंवा थोडे जास्त घ्या, आणि १०५ किंवा १२५ अंशांचा, कमी ईएसआरचा भाग निवडा. धन-ऋण टोके फोटोशी ताडून पाहा. एक गळाला असेल तर त्याच बोर्डावरचे त्याच वयाचे सगळेच बदला. सोल्डर तडकलेल्या पिनेवरचे जुने सोल्डर काढून नवे भरा. जुन्यावरच गन टेकवून वितळवले तर चीर काही महिन्यांत परत येते. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करून, वाळवून, संरक्षक लेप पुन्हा द्या.

गाडीत बसवण्याआधी मॉड्यूलला टेबलावर १३.५ व्होल्ट आणि ०.५ अँपिअरची मर्यादा लावून पुरवठा द्या. प्रवाह मर्यादेला जाऊन भिडला तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर केस वाळवण्याच्या यंत्राने गरम करून आणि गारव्याच्या फवाऱ्याने थंड करून मॉड्यूल दोन्ही टोकांना स्थिर राहते का ते पाहा.

८. कुठे थांबावे

दुरुस्ती शक्य असणे आणि ती आपण करणे योग्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

मर्सिडीज-बेंझने २००१ मध्ये एसएलमध्ये आणि २००२ मध्ये ई-क्लासमध्ये सेन्सोट्रॉनिक ही ब्रेक प्रणाली आणली. तिच्यात पेडलचा दाब सेन्सर मोजतात आणि प्रत्यक्ष दाब पंप व साठवण टाकीतून दिला जातो. प्रणाली बंद पडली तर फक्त पुढच्या चाकांना, तेही पायाने बराच जोर लावून, ब्रेक मिळतो. मे २००४ मध्ये कंपनीने अशा सुमारे ६,८०,००० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या आणि २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून ही प्रणाली काढून टाकली. हे युनिट ब्रेक किती वेळा दाबला हे मोजते आणि मर्यादा गाठल्यावर इशारा देते. तो मोजणारा आकडा संगणकाने शून्य करता येतो. इशारा जातो, झिजलेला पंप मात्र तसाच राहतो. असे "स्वस्तात काम" करणारा माणूस मालकाचे पैसे वाचवत नाही, त्याला धोक्यात घालतो.

हाच नियम एअरबॅगला लावावा. एअरबॅगच्या स्फोटक भागावर ओहममीटर लावल्यास मीटरचा प्रवाहही तो फोडू शकतो. बॅटरी काढून उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय त्या कपलरला हात लावू नये आणि अपघातात उघडलेल्या एअरबॅगचे मॉड्यूल "रीसेट" करून वापरू नये. मीटर दुरुस्त करताना किलोमीटरचा आकडा मूळचाच ठेवावा. तो बदलणे ही फसवणूक आहे.

९. सारांश

जुन्या गाडीत मॉड्यूलचे नाव फॉल्ट कोडमध्ये येणे म्हणजे मॉड्यूल मेले असे नाही. प्रथम बॅटरी, मग पुरवठा व अर्थ भार देऊन, मग वाहिनी, मग जोडलेली उपकरणे आणि शेवटी बोर्ड, हा क्रम पाळावा. बोर्डावर कपॅसिटर आणि सांधे आधी पाहावेत, चिप शेवटी. बिघाडाचे मूळ, म्हणजे पाणी, उष्णता किंवा उघडी तार, दूर झाल्याखेरीज दुरुस्ती पूर्ण झाली असे समजू नये.

स्वाध्याय

१. "१०५ अंश, ३००० तास" असा कपॅसिटर ७५ अंशांवर वर्षाला ६०० तास वापरला तर हिशेबाने किती वर्षे टिकेल? हे उत्तर प्रत्यक्षात का ग्राह्य धरता येणार नाही?

२. मल्टिमीटरवर १२.४ व्होल्ट दिसतात, पण त्याच पिनांवर २१ वॅटचा बल्ब मंद पेटतो. दोन संभाव्य कारणे लिहा आणि ती वेगळी कशी ओळखाल ते सांगा.

३. एका गाडीचे मीटर थंड सकाळी बंद असते आणि पंधरा मिनिटांनी सुरू होते. दुसरीचे मीटर दुपारी तापल्यावर बंद पडते. दोन्हींत पहिला संशय कशावर घ्याल? का?

४. ओळखीच्या गॅरेजमध्ये जाऊन "निकामी" म्हणून काढलेले एक मॉड्यूल मागून घ्या. ते उघडून भिंगाखाली पाहा आणि दिसलेल्या दोषांची आकृतीसह नोंद करा.